डोंगरातल्या शेतघराला वीज: ऊन की वारा?

पुण्यातल्या विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदी रस्ता धरला, की कळस, दिघी, आळंदी मागे टाकत चाकण आणि पुढे राजगुरुनगर लागतं. तिथून चास-कमानच्या जलाशयाच्या बाजूने वाडा गावाकडे वळलं, की डोंगर जवळ येतात आणि विजेच्या तारा विरळ होत जातात. या पट्ट्यात आमच्या भागातल्या काही जणांची वडिलोपार्जित शेती आहे, काहींनी अलीकडे जमिनीचे तुकडे घेतलेत. जमिनीवर एक खोली उभी राहते, पडवी होते, पाण्याची टाकी चढते. विजेपाशी मात्र गाडी अडते. पश्चिमेच्या डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या फिरताना दिसतात, म्हणजे वारा भरपूर असणार. ऊन तर डोक्यावर आहेच. मग दोन्हींपैकी बसवायचं काय?

माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेक जागांना ऊन पुरतं, आणि पवनचक्की फार थोड्या जागांना परवडते. पण हे माझ्या सांगण्यावर सोडू नका. ते तुमच्या जागेला लागू आहे की नाही हे तपासायला मोठं शास्त्र लागत नाही. एक वही, साधा गुणाकार आणि एका पावसाळ्याचा धीर एवढ्यावर भागतं.

सगळ्यात आधी महावितरणचा शेवटचा खांब तुमच्या बांधापासून किती लांब आहे ते बघा. दोन-चार खांबांत काम होत असेल तर रीतसर जोडणीचा अर्ज करावा. बॅटरीची वीज नेहमीच महाग पडते, कारण बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. पुढचं सगळं लिहिलंय ते खांब खरोखर लांब असलेल्यांसाठी, किंवा मधे ओढा, वनखात्याची जमीन, दुसऱ्याचा बांध अशा अडचणी असलेल्यांसाठी.

पॅनेल किती आणि चक्की केवढी, हे नंतर. आधी रोज किती युनिट लागणार ते मांडायचं. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट झालं. नऊ वॅटचे चार एलईडी दिवे रोज चार तास लावले तर १४४ वॅट-तास, म्हणजे एक सप्तमांश युनिट. पंखे जुने असतील तर एकेक ७५ वॅट खातो. बीएलडीसी पंखा २८ ते ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. असे दोन पंखे रात्री आठ तास चालले तर ४८० वॅट-तास. मोबाईल, मिक्सर यांचे मिळून ८० धरा. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर साडेपाचशे वॅटच्या आसपास घेते. अर्धा तास चालवली तर २७५. बेरीज झाली ९७९. म्हणजे रोज एक युनिट. यात माणसं अंधारात बसत नाहीत, उकडत नाहीत आणि टाकी भरते.

फ्रिज ठेवायचा असेल तर त्याच्यावरचं ताऱ्यांचं लेबल वाचा. त्यावर वर्षाची युनिटं छापलेली असतात. ३६५ ने भागा. लहान, चांगल्या फ्रिजला रोज अर्धं ते पाऊण युनिट पुरतं, जुना फ्रिज दीडपर्यंत जातो. विश्रांतवाडीच्या घरातला जुना फ्रिज 'शेतावर होईल' म्हणून टेम्पोत घालण्याआधी हा भागाकार जरूर करावा. नवा फ्रिज स्वस्त पडतो, कारण जुन्यासाठी जादा पॅनेल आणि जादा बॅटरी घ्यावी लागते. आणि गीझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी यांना या घरात जागा नाही. आंघोळीच्या पाण्याला बंब आहे, स्वयंपाकाला गॅस आहे. ज्या कामाला उष्णता लागते ते काम बॅटरीवर टाकू नये, हा नियम मी कुठेही मोडणार नाही.

एक खर्च मात्र यादीत कुणीच लिहीत नाही. इन्व्हर्टर चालू ठेवला की काहीही न लावता तो स्वतः दहा-वीस वॅट खात राहतो. पंधरा वॅट धरले तरी चोवीस तासांचे ३६० वॅट-तास झाले. सगळ्या दिव्यांना लागते त्याच्या अडीचपट वीज नुसता इन्व्हर्टर जागा राहण्यात जाते. म्हणून दिवे आणि मोबाईलची चार्जिंग थेट बॅटरीच्या डीसी विजेवर घ्यावी, आणि इन्व्हर्टर पंखा, मिक्सर, मोटर यांच्या वेळेपुरताच चालू करावा. बारा-चोवीस व्होल्टवर चालणारे बीएलडीसी पंखेही मिळतात. ते घेतले तर रात्री इन्व्हर्टर बंदच ठेवता येतो. एवढ्या एका सवयीने एखादं पॅनेल वाचू शकतं. हिशेबासाठी मी इन्व्हर्टरसकट, पण फ्रिज वगळून, रोजचे सव्वा युनिट धरतो.

आता ऊन. पुण्यात एक किलोवॅटची पॅनेलं वर्षाच्या सरासरीने रोज चारेक युनिट देतात. मार्च ते मे याहून थोडी जास्त. उन्हाळ्यात आणखी का नाही, तर पॅनेलवरचे वॅट २५ अंश तापमानाचे असतात आणि मेच्या दुपारी काच हाताला चटका देते. आतल्या सेलचं तापमान ६५ अंशांवर गेलं, की उत्पादन चौदा टक्क्यांच्या आसपास घटतं. शहरात जुलै-ऑगस्टमध्ये सरासरी तीन युनिटांपर्यंत उतरते. पॅनेल विकणारा माणूस पुण्यातलाच असतो आणि हेच आकडे सांगतो. तो खोटं बोलत नाही, पण हे आकडे विश्रांतवाडीच्या गच्चीचे आहेत. पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, भीमाशंकरला तो तीन हजारांच्या घरात जातो. अंतर फार तर शंभर-सव्वाशे किलोमीटरचं. सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेला सरकावं तसा पाऊस झपाट्याने कमी होतो, आणि ढगही. तुमची खोली या उतरंडीवर कुठे आहे, यावर पावसाळ्यातलं उत्पादन ठरतं. चाकणच्या माळावर शहरासारखंच मिळेल. वाड्याच्या पश्चिमेला मी पावसाळ्याची सरासरी दोन युनिट धरतो, आणि झड लागली, धुकं खाली उतरलं की अर्धं-पाऊण.

या दिवसांसाठी पॅनेलचा उतारही वेगळा लागतो. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणून बसवणारे अठरा-वीस अंशांचा दक्षिण उतार देतात. वर्षाच्या एकूण बेरजेला तो बरोबर आहे. पण मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, दुसरा जुलैच्या अखेरीस. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यातून ढगाळ हवेत ऊन एका दिशेने येतच नाही, सगळ्या आभाळातून पसरून येतं. तेव्हा पॅनेल जितकं आडवं तितकं आभाळ त्याच्या वाट्याला जास्त. जिथे पावसाळा हीच परीक्षा आहे तिथे मी दहा अंशांवर थांबतो. त्याहून सपाट करू नये, नाहीतर पाणी साचून खालच्या कडेला मातीचा पट्टा बसतो आणि तेवढ्या पट्ट्याने अख्ख्या ओळीचं उत्पादन पडतं. सावलीचंही तसंच. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे आंब्याच्या एका फांदीची सावली तिच्या आकाराच्या मानाने फार मोठं नुकसान करते. सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात पॅनेलवर काहीच सावली पडता कामा नये.

वाऱ्याचं गणित उन्हापेक्षा वेगळ्या स्वभावाचं आहे. ऊन निम्मं झालं तर वीज निम्मी होते. वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर वीज आठपट कमी होते, कारण वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. दोन मीटर व्यासाची चक्की घेऊ. घराजवळ बसवायला ही बरीच मोठी झाली. तिची पाती ३.१४ चौरस मीटरचं वर्तुळ झाडतात. दर सेकंदाला सहा मीटर वेगाचा वारा त्या वर्तुळातून जातो तेव्हा त्यात चारशे वॅटच्या आतबाहेर शक्ती असते. तिच्यातला ५९ टक्क्यांहून मोठा वाटा कोणतंच यंत्र काढू शकत नाही, ही बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलेली मर्यादा आहे. लहान चक्क्या प्रत्यक्षात पाव भाग काढतात. म्हणजे शंभर वॅट. दिवसरात्र असा वारा राहिला तर २.४ युनिट, आणि ते झडीच्या दिवसांत उन्हापेक्षा खूपच सरस आहे. आता वेग तीन मीटरवर आणा. वाऱ्यातली शक्ती उरते पन्नास वॅट, चक्कीच्या हाती लागतात बारा. चोवीस तासांत पाव युनिटाच्या जरा वर, तेही चक्की फिरली तर. बऱ्याच चक्क्या तीन मीटरच्या आसपासच फिरायला लागतात.

जाहिरातीत मात्र 'एक किलोवॅट' असं लिहिलेलं असतं. तो आकडा सहसा सेकंदाला अकरा-बारा मीटर वाऱ्याचा असतो, म्हणजे ताशी चाळीस किलोमीटरच्या वर. छत्री धरवत नाही असा वारा. वर्षातले किती तास तुमच्या बांधावर असा वारा असतो, हे स्वतःला विचारून बघावं. यंत्र विकत घेताना वॅट वाचू नका, पात्यांचा व्यास मोजा आणि तीन, चार, पाच, सहा मीटर वेगाला किती वॅट मिळतात याचा तक्ता मागा. तक्ता देत नसेल त्याच्याकडून घेऊ नये.

डोंगरावरच्या त्या मोठ्या पवनचक्क्यांचं काय? खेड-मावळच्या पश्चिम कडेला, आंध्र खोऱ्याच्या बाजूला त्या उभ्या आहेत. भीमाशंकर अभयारण्याच्या शेजारी त्या उभारताना जंगलाचं आणि डोंगरउतारांचं जे नुकसान झालं, त्याची दखल माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात घेतली होती. त्याआधीपासून साताऱ्यात वनकुसवडे, चाळकेवाडीची पठारं पवनचक्क्यांनी भरलेली आहेत, धुळ्यात साक्रीकडचे माळ आहेत. या सगळ्या जागांत एक गोष्ट सारखी आहे: उंच, उघडं, झाडं नसलेलं पठार, आणि जमिनीपासून पन्नास मीटर किंवा त्याहून उंचावर पाती. तुमची खोली पठाराच्या खाली, पाण्याच्या जवळ, झाडांच्या आडोशाला असते, कारण माणूस राहायला जागा निवडताना वारा टाळूनच निवडतो. मोकळ्या सपाट जमिनीवरसुद्धा दहा मीटरवरचा वारा पन्नास मीटरवरच्या वाऱ्यापेक्षा इतका मंद असतो, की त्यातली शक्ती निम्मीच उरते. झाडं, घरं, चढउतार आले की त्याहून खाली. चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था देशाचे वाऱ्याचे नकाशे प्रसिद्ध करते, पण ते पन्नास मीटर आणि त्यावरच्या उंचीचे. त्यात आपल्या तालुक्यावर गडद रंग दिसला म्हणून खोलीमागच्या खांबावर तो वारा मिळत नाही.

महाराष्ट्रातल्या वाऱ्याचं वर्षही एकांगी आहे. जून ते ऑगस्ट नैऋत्य मोसमी वारा सह्याद्रीवर आदळतो, आणि राज्यातल्या पवनचक्क्यांची वर्षाची मोठी कमाई याच महिन्यांतली असते. ऑक्टोबरपासून वारा पडतो. थंडीत कित्येक दिवस झाडाचं पान हलत नाही, पहाटे दरीत धुकं जसंच्या तसं पडून राहतं. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी थोडा उठतो. म्हणजे उन्हाला पावसाळ्यात अडचण आहे आणि नेमका तेव्हाच वारा आहे. हे जुळतं म्हणून दोन्ही एकत्र बसवण्याची कल्पना निघाली, आणि ती कागदावर सुंदर दिसते. पुण्यातच कार्यालय असलेल्या महाऊर्जा या राज्य सरकारच्या संस्थेने एके काळी असे सौर-पवन संकरित संच बसवायला उत्तेजनही दिलं.

तरीही मी बहुतेकांना आधी ऊनच का सुचवतो? कारण दोघांच्या वाईट दिवसांत फरक आहे. उन्हाचे वाईट दिवस म्हणजे पावसाळ्यातले दोन-अडीच महिने, आणि त्यातही रोज काहीतरी मिळतंच. वाऱ्याचे वाईट दिवस ऑक्टोबर ते मार्च, आणि त्यात जवळपास काहीच मिळत नाही. नुसत्या वाऱ्यावर या भागात शेतघर चालणार नाही. नुसत्या उन्हावर चालतं, फक्त झडीच्या आठवड्यांसाठी तजवीज करावी लागते. ती तजवीज चक्की आणि मनोऱ्यापेक्षा एखाद्या जादा पॅनेलने स्वस्तात होते. पॅनेलच्या किमती मागच्या पंधरा वर्षांत कोसळल्यात. लोखंडी खांब, काँक्रीटचा पाया आणि तो उभा करणारी माणसं यांच्या नाहीत.

आता आपल्या सव्वा युनिटांना किती लागेल ते बघू. साडेपाचशे वॅटच्या जवळपासची दोन पॅनेलं घेतली तर एक किलोवॅट झालं. उन्हाळ्यात चार युनिट मिळतील, त्यातलं जास्तीचं टाकी भरण्यात आणि बागेला पाणी देण्यात लावावं. पावसाळ्याच्या सरासरी दिवशी दोन युनिट, म्हणजे पुरून उरतात. झडीच्या दिवशी अर्धं-पाऊण. रोज अर्ध्या-पाऊण युनिटाचा तुटवडा पडतो. हा तुटवडा तीन-चार दिवस सोसायला बॅटरीत दोन-सव्वादोन युनिट वापरण्याजोगे हवेत. झड याहून लांबली तर एक पंखा आणि मोटर बंद ठेवली की सुटलं. पावसात पंखा तसाही कमी लागतो आणि टाकी पन्हाळीच्या पाण्यानेच भरते. निवड करताना वर्षाची सरासरी बाजूला ठेवून हा वाईट पंधरवडा समोर धरावा. तो पार पडला की बाकीचे साडेअकरा महिने आपोआप सुटतात.

बॅटरीत 'वापरण्याजोगे' हा शब्द महत्त्वाचा. घरोघरी इन्व्हर्टरला असते ती १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी बारा व्होल्टची. गुणाकार केला तर १.८ युनिट. पण ती रोज निम्म्याखाली उतरवली तर आयुष्य झरझर संपतं, म्हणून हातात नऊ दशांश युनिट धरायचं. दोन-सव्वादोन युनिटांना अशा दोन कमी पडतात आणि तीन लागतात. शिवाय डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घालावं लागतं, आणि महिना-महिना बंद राहणाऱ्या घरात ते हमखास राहतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी १.२८ युनिटांची असते आणि त्यातलं १.१ युनिट बिनधास्त वापरता येतं. अशा दोन पुरतात. सुरुवातीला महाग वाटते, पण जिथे आठवड्यातून एकदा जाणं होतं तिथे मी हीच घेईन. स्कूटरच्या जुन्या सेलमधून जुळवलेल्या 'स्वस्त लिथियम'पासून मात्र लांब राहा. लाकडी वासे आणि गवत असलेल्या घरात आगीशी खेळ नको.

बसवताना लिथियमच्या या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून चोवीस व्होल्ट करावेत. पाचशे वॅटचं उपकरण बारा व्होल्टवर बेचाळीस अँपिअर ओढतं, चोवीसवर एकवीस. तारेत गरम होऊन जाणारी वीज अँपिअरच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे त्याच तारेत तोटा चौपटीने घटतो. चार्ज कंट्रोलर एमपीपीटी जातीचाच हवा. आजची मोठी पॅनेलं चाळीस व्होल्टच्या आसपास काम करतात. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर ती चोवीसच्या बॅटरीच्या पातळीला खाली ओढतो आणि मधली वीज वाया जाते.

इथे एका बारीक आकड्यावर थांबलं पाहिजे, कारण त्यात कंट्रोलर जळतात. पॅनेलच्या मागच्या चिठ्ठीवर 'व्हीओसी' लिहिलेलं असतं, म्हणजे काहीही जोडलेलं नसताना मिळणारा व्होल्टेज. समजा ४९.५. दोन पॅनेलं एकामागे एक जोडली तर ९९, आणि बाजारात शंभर व्होल्टचा कंट्रोलर सहज मिळतो. वायरमन म्हणतो, बसतंय. पण चिठ्ठीवरचा आकडा २५ अंशांचा आहे. थंडीत पॅनेल गार असताना व्होल्टेज वाढतो, दर अंशाला पाव टक्क्याच्या किंचित वर. डिसेंबरच्या पहाटे पारा पाच अंशांवर असेल आणि ऊन नुकतंच पडलं, की ९९ चे १०४ होतात आणि कंट्रोलर जातो. मग पॅनेलं समांतर जोडा, नाहीतर दीडशे व्होल्टचा कंट्रोलर घ्या. आणि पॅनेलच्या बाजूला घरातला साधा एमसीबी लावू नका, डीसीचा वेगळा मिळतो. एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते म्हणून तिची ठिणगी विझते. डीसीची ठिणगी विझत नाही. मे महिन्यातल्या वळवाच्या विजा डोंगरात जवळ पडतात, तेव्हा अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर यांत काटकसर नको.

पवनचक्कीच्या मागण्या याहून कडक आहेत. बॅटरी भरली की पॅनेल नुसतं तोडून ठेवता येतं, त्याला काही होत नाही. चक्की तशी मोकळी सोडता येत नाही. भार निघाला की ती वेड्यासारखी फिरते आणि पाती किंवा जनित्र मोडतं. म्हणून जादा वीज जाळायला वेगळा हीटर जोडावा लागतो, शिवाय ब्रेक लागतो. पाती आजूबाजूच्या शंभर-दीडशे मीटरमधल्या सगळ्यात उंच झाडापेक्षा किंवा छपरापेक्षा निदान नऊ मीटर उंच हवीत, नाहीतर भोवऱ्यात सापडून वीज कमी आणि झीज जास्त. म्हणजे बारा-पंधरा मीटरचा खांब, तीन-चार बाजूंनी ताणाच्या तारा, प्रत्येकीला काँक्रीटचा नांगर. खांब बिजागरीवर आडवा करता येणारा असावा. वर चढून दुरुस्ती करणं जुलैच्या पावसात शक्य नसतं, आणि बिघाड जुलैतच होतो, कारण चक्की जोरात चालते ती तेव्हाच. पत्र्याच्या छपरावर चक्की कधीही बसवू नये. घरभर घरघर ऐकू येते आणि स्क्रू ढिले होत पत्रा गळायला लागतो.

हेच कारण विश्रांतवाडीतल्या गच्चीवर छोटी उभ्या आसाची चक्की बसवू पाहणाऱ्यांनाही सांगतो. ती शोभिवंत दिसते, कुठल्याही दिशेचा वारा घेते, पण आडव्या आसाच्या चक्कीपेक्षा वीज कमी देते आणि इमारतींच्या मधला वारा मुळात तुटका असतो. शेजारी लोहगावचा विमानतळ आहे, इथे उंच काही उभारायचं तर परवानगीचा प्रश्न येतो. गच्चीवर पॅनेलं लावा, आणि ती महावितरणच्या तारेला जोडा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, पण ते अशा तारेला जोडलेल्या संचांनाच. बॅटरीवर चालणाऱ्या शेतघराला ते मिळत नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून जोडणी नसलेल्या शेतकऱ्याला दहा टक्के रक्कम भरून सौरपंप मिळू शकतो. पाण्याची सोय त्याने झाली तर घराच्या यादीतून मोटर कमी करा आणि हिशेब पुन्हा मांडा.

जमिनीतून बारमाही नसला तरी पावसाळी ओढा उड्या मारत जात असेल, तर चक्कीच्या आधी त्याच्याकडे बघा. सेकंदाला दोन लिटर पाणी पाइपातून दहा मीटर खाली आणलं तर त्यात १९६ वॅट असतात. लहान टर्बाइनने निम्मे काढले तरी ९८ वॅट, रात्रंदिवस. दिवसाचे २.३ युनिट. झडीत ऊन नसतं तेव्हाच ओढा भरून वाहतो, आणि पंधरा मीटरचा खांब लागत नाही. पाला-पाचोळा अडवायची जाळी रोज साफ करणारं माणूस जवळ राहात असेल तरच यात पडावं.

वाऱ्याची शंका तरीही मनातून जात नसेल, तर यंत्र घेण्याआधी वारा मोजा. दहा मीटरचा बांबू किंवा जीआय पाइप, त्यावर नोंद साठवणारा वेगमापक, एवढ्यावर काम होतं. निदान एक पावसाळा आणि एक थंडी नोंद हवी. तोवर डोळ्यांनीही अंदाज येतो: पानं सतत हलतात आणि हलकं निशाण फडफडतं तेव्हा वारा साडेतीन ते साडेपाच मीटरचा असतो, धूळ-कागद उडतात, बारक्या फांद्या हलतात तेव्हा साडेपाच ते आठ. शेजारच्या देवळाच्या ध्वजाकडे महिनाभर लक्ष ठेवलं तरी बरंच कळतं. पठाराच्या कडेवर एकाच बाजूला वाकलेली, वाऱ्याने खुरटलेली झाडं असतील, तर ती जागा खरोखर वाऱ्याची आहे.

पहिल्या पावसाळ्यात पॅनेलांवरच राहा आणि वहीत फक्त दोन गोष्टी टिपा: सकाळची बॅटरीची टक्केवारी, आणि एखादं उपकरण वीज नाही म्हणून बंद ठेवावं लागलं का. असे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले तर काही करू नका. महिनाभराच्या वर गेले तर तिसरं पॅनेल लावा. तरीही भागलं नाही, घर वर्षभर राहतं आहे, आणि वेगमापकाने जून ते ऑगस्टची सरासरी साडेपाच मीटरच्या वर दाखवली, तर दोन मीटर व्यासाची चक्की आणि आडवा करता येणारा खांब घ्या. पाया मार्चमध्ये खोदा, म्हणजे काँक्रीट पावसाआधी पुरतं पक्कं होतं.